पैसे आले कुठून?

इंग्लंडमध्ये घर घेताना पैशाचे दोन वाटे पडतात. मोठा वाटा मॉर्गेज देणाऱ्या संस्थेचा, लहान वाटा घेणाऱ्याच्या पदरचा. या दुसऱ्याला डिपॉझिट म्हणतात. घर ४ लाख पौंडांचे आणि डिपॉझिट १० टक्के धरले, तर ४० हजार पौंड. उरलेल्या ३ लाख ६० हजारांसाठी पगाराच्या स्लिपा दिल्या, क्रेडिट रेकॉर्ड पाहून झाले, की तो विषय बहुतेक संपतो. या ४० हजारांचा मात्र संपत नाही. ते कोणाच्या खात्यातून आले, त्या खात्यात कधी आले, त्याआधी कुठे होते, देणाऱ्याने ते कशातून मिळवले, दिले ते कायमचे की उसने, हे सगळे कागदावर दाखवावे लागते. आणि त्यातला काही भाग पुण्याहून किंवा साताऱ्याहून आलेला असला, तर प्रश्न आणखी वाढतात.

असेच प्रश्न विचारणारा सॉलिसिटरचा मेल लंडनच्या हॅरो भागातल्या एका मराठी घरात आला आणि त्यावरून मामा-भाचीची जुंपली. मामा सातारा जिल्ह्यात राष्ट्रीयीकृत बँकेचे शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले; सध्या मामींसह मुलाकडे आलेले. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि पहिलेच घर घेतो आहे. डिपॉझिटपैकी २५ लाख रुपये, म्हणजे साधारण २१-२२ हजार पौंड, आईवडिलांनी पाठवलेले आहेत. भाची सॉलिसिटरच्या कचेरीत घरखरेदीचे कागद पाहते. मामेभावाचे काम तिच्या कचेरीकडे नाही, पण असे मेल ती स्वतः रोज इतरांना पाठवते.

मामांची तक्रार सरळ होती. "माझ्या खात्यातला रुपया न् रुपया पॅनला जोडलेला आहे. दर वर्षी रिटर्न भरतो. निवृत्त झालो तेव्हा पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळाली, ती त्याच बँकेत एफडीत ठेवली. एफडी मोडली, बँकेनं पैसे इथे पाठवले. बँकेतून बँकेत गेले ना? मग माझं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, माझा पासपोर्ट, माझ्या पेन्शनचा कागद यांना कशाला हवा? कर्ज मी मागतोय का?"

"मामा, बँकेतून आले एवढ्यानं पैसे स्वच्छ ठरत असते, तर तुम्ही शाखेत असताना केवायसीचे अर्ज कशाला भरून घेत होतात?"

हा टोला बरोबर बसला. भारतात मनी लाँडरिंगविरोधी कायदा २००२ मध्ये झाला आणि १ जुलै २००५ पासून लागू झाला. त्यानंतर १० लाखांवरच्या रोख व्यवहारांची माहिती कळवायची, संशयास्पद व्यवहार वेगळा कळवायचा, हे मामांच्याच पिढीने शाखाशाखांत बसवले. चाळीस वर्षे ओळखीच्या असलेल्या खातेदाराकडे पुन्हा आधार आणि फोटो मागताना त्यांनाही लोकांची नाराजी सोसावी लागली होती.

तरी ते हटले नाहीत. "केवायसी म्हणजे माणूस कोण ते पाहणं. ते आम्ही एकदा केलं, संपलं. इथे घर दाखवणारा एजंट विचारतो, मॉर्गेजवाला विचारतो, मग सॉलिसिटर विचारतो. एकानं तपासलेलं दुसऱ्याला चालत का नाही?"

याचे कारण कायद्यातच आहे. ब्रिटनचे सध्याचे मनी लाँडरिंगविरोधी नियम २६ जून २०१७ पासून लागू झाले. एजंट, कर्ज देणारी संस्था आणि घरखरेदीचे काम करणारा सॉलिसिटर हे तिघेही त्यांच्या कक्षेत येतात. दुसऱ्याच्या तपासणीवर विसंबण्याची मुभा नियमांत आहे, पण पुढे काही निघाले तर जबाबदारी विसंबणाऱ्याचीच राहते. मग कोण विसंबेल? भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मॉर्गेज काढणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. गुन्ह्यातून आलेल्या पैशाच्या व्यवहाराला हातभार लावला तर ब्रिटनच्या २००२ च्या कायद्याखाली १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संशय येऊनही कळवले नाही तर ५ वर्षांपर्यंत. ही शिक्षा कचेरीला नव्हे, फाइल हाताळणाऱ्या माणसाला होते.

"म्हणजे तू स्वतःचा जीव वाचवायला माझा पासपोर्ट मागतेस," मामा म्हणाले.

"हो, तोही हेतू आहे. नाकारत नाही. पण त्यामुळे प्रश्न खोटा ठरतो का? समजा, मला संशय आला आणि मी नॅशनल क्राइम एजन्सीला कळवलं. पुढचे सात कामकाजाचे दिवस, आणि त्यांनी नकार दिला तर आणखी एकतीस दिवस, व्यवहार थांबतो. आणि का थांबलाय ते मी गिऱ्हाइकाला सांगू शकत नाही. सांगणं हाच गुन्हा आहे. घर विकणारा खोळंबतो, त्याच्या पुढच्या घराचा माणूस खोळंबतो. मला ते नको असतं, म्हणून मी आधीच सगळं विचारून घेते."

मामांचा आवाज इथे चढला. "आणि ज्यांना विचारायला हवं होतं त्यांचं काय?"

त्यांनी पेपरात वाचलेले एक प्रकरण काढले. अझरबैजानच्या एका मोठ्या बँकेचा माजी अध्यक्ष मायदेशी अपहाराच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. त्याची बायको झमिरा हाजियेवा लंडनमध्ये राहत होती. नाइट्सब्रिजमधले तिचे घर २००९ मध्ये १ कोटी १५ लाख पौंडांना घेतलेले, तेही ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या कंपनीच्या नावाने. घराजवळच्या हॅरॉड्स या दुकानात दहा वर्षांत तिने १ कोटी ६० लाख पौंडांहून अधिक खर्च केले. 'ही संपत्ती आली कुठून ते सांगा' असा, ब्रिटनमधला त्या प्रकारचा पहिला आदेश तिच्याविरुद्ध २०१८ मध्ये निघाला. घर घेतल्यानंतर नऊ वर्षांनी.

"कोटीभर पौंडांच्या घराला नऊ वर्षं थांबले, आणि माझ्या एफडीला नऊ दिवस नाहीत!"

भाचीकडे याला पूर्ण उत्तर नव्हते, आणि असल्याचे तिने भासवलेही नाही. परदेशी कंपनीच्या नावाने घर असेल तर मागचा खरा मालक सरकारी नोंदवहीत लिहायला हवा, ही सक्ती ब्रिटनमध्ये आली २०२२ मध्ये. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर कायदा घाईने मंजूर झाला आणि नोंदवही त्या वर्षी १ ऑगस्टला उघडली. लंडनच्या मधल्या भागात परदेशी कंपन्यांच्या नावांवर किती घरे आहेत याची चर्चा त्याआधी कितीतरी वर्षे चालू होती. सरकारने तेव्हा हलायला हवे होते.

मामांचा संताप खरा आहे. पण त्यातून ते काढतात तो निष्कर्ष पटत नाही. मोठे सुटले याचा अर्थ वर अधिक विचारायला हवे होते एवढाच होतो. खाली विचारूच नये असा होत नाही. आणि पैसा धुणारा दर वेळी कोट्यवधींचे घर घेऊन येतो असेही नाही. चार जणांच्या नावांनी, नातेवाइकांच्या भेटीच्या रूपात, बेताच्या किमतीच्या घरात मुरवलेला पैसा कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

पण डिपॉझिटची चौकशी काही केवळ गुन्हेगारांसाठी नसते. तिचे दुसरे कारण जुने आहे, आणि मराठी कुटुंबांना ते अधिक जवळून लागू पडते.

भाचीने १९८० चा एक निकाल सांगितला, जो तिच्या व्यवसायात सगळ्यांना पाठ असतो. बोलंड नावाच्या गृहस्थाचे घर नोंदणीत त्याच्या एकट्याच्या नावावर होते. त्याने धंद्यासाठी ते बँकेकडे गहाण टाकले. कर्ज थकले, बँक घराचा ताबा घ्यायला आली, तेव्हा बायको उभी राहिली. घर घेताना तिचेही पैसे लागले होते, आणि ती त्याच घरात राहत होती. बँकेने तिला कधी काही विचारलेच नव्हते. हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल तिच्या बाजूने दिला: पैसे घातले आहेत आणि ती राहते आहे, म्हणून तिचा हक्क बँकेवर बंधनकारक आहे. त्या दिवसापासून इंग्लंडमधली प्रत्येक कर्ज देणारी संस्था विचारू लागली, या घरात आणखी कोणाचे पैसे आहेत?

"हे बरोबर आहे," मामा पटकन म्हणाले. बँकेतल्या माणसाला गहाणवटीची गोष्ट समजवावी लागत नाही. "आम्हीसुद्धा सहकर्जदार म्हणून बायकोची सही घ्यायचो."

"मग आता तुमचं पत्र काढा."

मुलाच्या सांगण्यावरून मामांनी एक पत्र लिहून दिले होते. वळणदार अक्षर, खाली तारीख, सही, सहीखाली पेन्शनचा नंबर. मजकूर असा: मुलाला घरासाठी पैसे देत आहे, पैसे माझ्या कष्टाचे आहेत, परत करण्याची घाई नाही, सवडीने द्यावेत. भाचीने शेवटच्या दोन वाक्यांवर बोट ठेवले. घाई नाही याचा अर्थ परत द्यायचे आहेत. परत द्यायचे म्हणजे कर्ज. कर्ज असेल तर त्याचा हप्ता मुलाच्या खर्चात धरावा लागतो, आणि मॉर्गेजची रक्कम कमी होते. काही संस्था उसन्या पैशाचे डिपॉझिट घेतच नाहीत.

"अगं, ते लिहिण्यापुरतं आहे. बापानं मुलाला पैसे दिले तर परत कोण मागतं?"

"तुम्हाला हवेत का परत?"

"छे!" आणि थोड्या वेळाने, "म्हणजे त्यानं दिले तर नको म्हणणार नाही."

आपल्याकडे घरातला पैसा असाच फिरतो. बाप देतो, मुलगा पुढे धाकट्याच्या शिक्षणाला देतो, बहिणीच्या लग्नात काही परत येते, काही येत नाही, आणि कोणी हिशेब मांडत नाही. यात लपवाछपवी नसते. पण इंग्लंडच्या गहाणखताला 'बघू पुढे' या खात्यात पैसे टाकता येत नाहीत. भेटीच्या पत्रात दोन गोष्टी स्पष्ट लागतात: रक्कम परत मिळण्याची अपेक्षा नाही, आणि घरात देणाऱ्याचा कोणताही हक्क नाही.

दुसरे वाक्य मामांना फार लागले. आयुष्यभराच्या पुंजीतले पंचवीस लाख द्यायचे आणि वर लिहून द्यायचे की या घरात माझे काही नाही. "उद्या आम्ही दोघं कायमचे इथे राहायला आलो तर?" त्यांनी विचारले. राहता येईल, भाची म्हणाली, पण मालक म्हणून नाही. मॉर्गेजच्या आधीपासून राहत असाल तर बँकेचा हक्क आमच्या आधी, असे लिहून देणारी आणखी एक सही लागेल. "आणि उद्या मुला-सुनेचं पटलं नाही, घर विकलं तर?" हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा होता, आणि तो सॉलिसिटरच्या मेलनेच विचारायला भाग पाडले. पैसे फक्त मुलाला दिले की मुलगा-सून दोघांना, हे पत्रात लिहिता येते. दोघांचे वाटे कमीजास्त असतील तर तसा करारनामा घर घेतानाच करता येतो. घटस्फोटाच्या वेळी न्यायालय त्यावर पूर्ण बांधलेले नसते, १९७३ च्या कायद्याने त्याला मोठी मोकळीक दिली आहे. तरी काहीच लिहिलेले नसण्यापेक्षा ते बरे. देणाऱ्याने स्वतःचा वेगळा सल्ला घ्यावा असे भाचीची कचेरी दर वेळी सांगते. बहुतेक आईवडील तो घेत नाहीत. घ्यायला हवा.

मामांनी पत्र फाडले नाही, घडी घालून खिशात ठेवले. नवे पत्र भाचीने लिहायला घेतले.

त्यानंतर स्टेटमेंटचे कागद टेबलावर पसरले, आणि दोघांचा खरा वाद इथे झाला. भारतातून बाहेर पैसे पाठवण्याची योजना रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००४ मध्ये २५ हजार डॉलरच्या मर्यादेने सुरू केली. आज ती मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. पण १० लाखांवरच्या रकमेवर, शिक्षण आणि औषधोपचार सोडून, २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, भरावा लागतो. ही १० लाखांची सीमा एप्रिल २०२५ पासूनची, त्याआधी ७ लाख होती. मामांनी एकट्याने एका आर्थिक वर्षात २५ लाख पाठवले असते, तर १५ लाखांवर ३ लाख रुपये आधी भरावे लागले असते. ते पुढे रिटर्नमध्ये वळते होतात, पण तोवर अडकतात. म्हणून मामांनी मार्चमध्ये स्वतःच्या नावाने १०, मामींच्या नावाने १० आणि एप्रिल लागल्यावर उरलेले ५ लाख पाठवले. सगळे कायद्याला धरून. साताऱ्यातल्या कोणत्याही सीएने हेच सांगितले असते.

"आणि इथे बसून पाहिलं तर?" भाची म्हणाली. "मोठी रक्कम, तीन तुकडे, दोन माणसं, प्रत्येक तुकडा बरोब्बर मर्यादेच्या आत. आम्हाला पहिल्याच ट्रेनिंगमध्ये सांगतात, असं दिसलं की थांबायचं."

"म्हणजे मी कर वाचवला तर तो गुन्हा?"

"गुन्हा नाही. पण मला तुमच्याकडचा टीसीएस ठाऊक आहे. दादाची फाइल पाहणाऱ्या माणसाला नसेल. दोन ओळींत लिहून द्या की भारतात अशी मर्यादा आहे, म्हणून अशा तारखांना पाठवले. तुमच्यावर कोणी आरोप करत नाहीये. जे दिसतंय त्याचं कारण फाइलमध्ये नाहीये, एवढंच."

दुसरी अडचण अधिक बारीक होती. पैसे पाठवताना बँकेत ए-टू फॉर्म भरतात आणि त्यावर कारणाचा सांकेतिक क्रमांक असतो. मार्चच्या दोन्ही फॉर्मवर भेट असे कारण होते. एप्रिलच्या फॉर्मवर काउंटरवरच्या माणसाने जवळच्या नातेवाइकाचा निर्वाह हा क्रमांक टाकला होता. मामांच्या नजरेतून ते सुटले होते. लंडनच्या पत्रात पंचवीस लाखांची भेट, साताऱ्याच्या फॉर्मवर वीस लाखांची भेट आणि पाच लाखांचा निर्वाह. अशी विसंगती फाइलमध्ये आधी आपण होऊन सांगितली तर दोन मिनिटांचे काम असते. तपासणाऱ्याला सापडली तर दोन आठवड्यांचे.

तिसरा प्रश्न मामींच्या नावाच्या दहा लाखांचा. मामी नोकरी करत नव्हत्या. त्यांच्या खात्यात दहा लाख कुठून आले?

"म्हणजे काय? आमचेच की!" मामा म्हणाले.

संयुक्त एफडीतून साडेपाच लाख आले होते, त्याची नोंद होती. उरलेले साडेचार लाख मामींच्या पाटल्या आणि तोडे मोडून आले होते. सराफाने पैसे खात्यावर टाकले, वजनाची आणि घट धरल्याची पावती दिली. रोखीचा प्रश्नच नव्हता, कारण २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेणे भारतात बेकायदा आहे. म्हणजे सोने विकले याचा कागद होता. सोने घेतल्याचा नव्हता. पाटल्या मामींच्या आईने लग्नात घातलेल्या, आणि आईला त्या तिच्या सासूने.

आतापर्यंतच्या मुद्द्यांत भाचीची बाजू भक्कम होती. इथे मामांचे ऐकायला हवे.

"आमच्या सरकारनंसुद्धा हे मान्य केलंय," ते म्हणाले. मे १९९४ मध्ये प्राप्तिकर खात्याने आपल्या अधिकाऱ्यांना सूचना काढली की धाडीत लग्न झालेल्या स्त्रीचे ५०० ग्रॅमपर्यंतचे दागिने, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅम जप्त करू नयेत. त्यामागची समज साधी होती: भारतीय घरात एवढे सोने पावतीशिवाय असणारच. "कर वसूल करणारं खातं ज्या पाटल्यांची पावती मागत नाही, त्यांची पावती लंडनचा वकील मागतो?"

भाचीने तिच्या कचेरीतल्या फाइली आठवून सांगितले की मागतात, आणि मिळाली नाही की अडतात. तीच गत भिशीची. हॅरोत, साउथॉलमध्ये आजही भिश्या चालतात. एखाद्याच्या खात्यात एका महिन्यात आठ जणांकडून सारख्या रकमा येतात, आणि कागदावर ते विचित्र दिसते. कॅरिबियन बेटांवरून १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये आलेल्या लोकांनी अशाच भिशीवर, तिला ते पार्डनर म्हणतात, पहिली घरे घेतली, कारण त्यांना कर्ज द्यायला बँका तयार नसत. शेतकऱ्याचेही तेच. भारतात शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे चार एकर उसाचा मालक असलेल्या बापाच्या रिटर्नमध्ये काही दिसत नाही, किंवा रिटर्नच नसते. त्याच्याकडे सातबारा असतो, साखर कारखान्याची ऊसबिले असतात, बिल जमा झाल्याचे बँकेचे पासबुक असते. एकत्र लावली तर ही कागदपत्रे पगाराच्या स्लिपेपेक्षा कमी बोलकी नाहीत. पण ती मराठीत असतात, भाषांतर करून घ्यावे लागते, आणि सातबारा म्हणजे काय हे दर वेळी नव्याने समजवावे लागते.

इंग्लंडची ही तपासणी जिथे कमी पडते ती जागा हीच. पगारदार, पेन्शनर, लाइफटाइम आयसा या बचतखात्यात वर्षाला चार हजार पौंड टाकणारा तरुण, यांचा प्रामाणिकपणा तिला एका नजरेत दिसतो, कारण त्यांचा पैसा जन्मल्यापासून कागदावर असतो. ज्यांचा पैसा अंगावर, शेतात किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या विश्वासावर वाढला, त्यांना तोच प्रामाणिकपणा सिद्ध करायला महिने लागतात. वास्तविक नियमांत पावतीच हवी असे कुठेही नाही. धोका पाहून प्रमाणात तपासा, असेच नियम सांगतात. भारत ब्रिटनच्या जास्त जोखमीच्या देशांच्या यादीतही नाही. पण सॉलिसिटरांच्या नियामकाची थेट दंडाची मर्यादा २०२२ मध्ये दोन हजार पौंडांवरून पंचवीस हजारांवर गेली, आणि आर्थिक गुन्ह्यांच्या बाबतीत २०२३ च्या कायद्याने ती उरलीच नाही. अशा वेळी कचेरीतला कनिष्ठ माणूस स्वतःच्या अकलेने पाटल्या मान्य करण्यापेक्षा यादीतली पावती मागणे पसंत करतो. त्याला दोष देता येत नाही. दागिने, भिशी, शेती यांना काय पुरावा चालेल हे मोठ्या संस्थांनी आणि नियामकाने उघड लिहून ठेवले, तर असे कितीतरी व्यवहार अडणार नाहीत.

"आणि एक मान्य करा, मामा," भाची म्हणाली. "सगळेच तुमच्यासारखे नसतात. गावची जागा ऐंशी लाखांना विकली, खरेदीखत पन्नासचं केलं, वरचे तीस रोख घेतले, आणि आता ते तीस मुलाच्या घराला हवेत, असे फोन मला येतात."

"त्यांना काय सांगतेस?"

"की ते पैसे इथे येऊ शकत नाहीत. हवालानं आणायचं म्हणाले तर फोन ठेवते."

मामांनी मान हलवली. शाखेत असताना कर्जाच्या अर्जासोबत येणारी अशी खरेदीखते त्यांनीही पाहिली होती, आणि किंमत कमी लिहिल्यामुळे कर्ज कमी बसले म्हणून चिडणारे लोकही.

राहता राहिले पाटल्यांचे साडेचार लाख. भाचीने सुचवले की ते डिपॉझिटमधून काढून फर्निचरला ठेवावेत, म्हणजे प्रश्नच मिटेल. आतून मामींचा आवाज आला, की आईच्या पाटल्या सोफ्यासाठी मोडलेल्या नाहीत.

मामांनी कागद ओढला आणि बेरीज मांडली. साडेचार लाख म्हणजे सुमारे ३,९०० पौंड. ते काढले तर डिपॉझिट ३६ हजार १०० वर येते, म्हणजे ९ टक्क्यांच्या किंचित वर. कर्ज ९० टक्क्यांच्या पुढे सरकले की संस्था ते ९५ टक्क्यांच्या गटात धरतात आणि व्याजाचा दर चढतो. चार तोळ्यांसाठी पुढची काही वर्षे हप्ता वाढणार. "हे मी होऊ देणार नाही," ते म्हणाले.

मग दोघांनी मिळून कागद लावले. सराफाची पावती, पैसे जमा झाल्याचे मामींच्या खात्याचे पान, दागिने लग्नात मिळाल्याचे मामींचे नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र, आणि लग्नातला एक फोटो, ज्यात दोन्ही हातांतल्या पाटल्या स्वच्छ दिसतात. प्रतिज्ञापत्र सॉलिसिटरला चालेल की नाही हे भाचीला सांगता येईना. प्रत्येक कचेरीचे धोरण वेगळे. म्हणून मेलमध्ये तोच प्रश्न पहिला लिहिला: एवढ्या कागदांवर ही रक्कम मान्य होईल का, आणि होणार नसेल तर आणखी नेमके काय हवे? उत्तर येईपर्यंत मुलाने घराच्या सर्व्हेचे पैसे भरू नयेत, असे मामांनी त्याला फोन करून सांगितले.